मंडपात पाच मिनिटं

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

मंडळाने सार्वजनिक गणेशोत्सवाच्या इतिहासावर तुला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय आणि भीती गेल्यावर होकार द्यायचं तुझ्या मनात आहे. आजच होकार कळव. भीती आधी जात नसते. बोलायला उभं राहिल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात ती सगळ्यात जास्त असते, मग बहुतेकांची आपोआप उतरू लागते. त्यामुळे तयारीतला मोठा वाटा त्या सुरुवातीला दे.

अख्खं भाषण पाठ करू नकोस. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांनी ही सवय लावलेली असते, पण अशा भाषणात एक शब्द निसटला की पुढचं वाक्यच सापडत नाही. कारण लक्षात अर्थ नसतो, नुसती शब्दांची रांग असते. पहिली तीन आणि शेवटची दोन वाक्यं मात्र झोपेतून उठवलं तरी म्हणता आली पाहिजेत. मधल्या भागासाठी पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डावर चार मुद्दे, प्रत्येकी तीन-चार शब्दांत, ठळक अक्षरांत लिही. फुलस्केप कागद नको. हात जरा थरथरला तरी तो फडफडतो, माइक ती फडफड पकडतो आणि ती ऐकून आपण आणखी घाबरतो.

लिहायला बसशील तेव्हा वाक्य कानाने तपास. ‘मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रारंभ 1893 साली गिरगावातील केशवजी नाईक चाळीत झाला’ हे कागदावर ठीक आहे. मंडपात मात्र असं म्हण: ‘साल 1893. जागा आपल्याच गिरगावातली, केशवजी नाईक चाळ. तिथे बसला मुंबईचा पहिला सार्वजनिक गणपती.’ माहिती तीच, पण ऐकणाऱ्याला प्रत्येक तुकडा पोचतो आणि तुला तीनदा श्वास घ्यायला मिळतो. घाबरलेला माणूस श्वास न घेता बोलत सुटतो, म्हणून आवाज चढतो आणि वाक्याचा शेवट गिळला जातो. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं. तेच गिळलं तर काय झालं हेच कळत नाही.

पाच मिनिटं मिळाली असली तरी मजकूर चार मिनिटांचाच ठेव. सावकाश बोलताना मिनिटाला शंभरेक शब्द धर, पण तुझा वेग तू मोबाइलवर वेळ लावून मोज. ‘आदरणीय व्यासपीठ’पासून नावांची यादी लावायचा मोह होईल. ती नावं सूत्रसंचालकाने घेतलेली असतात. नमस्कार करून थेट विषयाला लाग.

सराव उभ्याने आणि मोठ्याने कर, रोज दोनदा. लोकलमध्ये मनातल्या मनात उजळणी केलीस तर मुद्द्यांचा क्रम पक्का होईल, आवाज तयार होणार नाही. त्यासाठी संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर जा, मैत्रिणीला दहा-बारा पावलांवर उभी कर आणि लाटांच्या आवाजातही तिला शब्द कळेल असं बोल. रेकॉर्डिंग कर, आधी फक्त ऐक, व्हिडिओ नंतर बघ. आपला चेहरा दिसला की सगळं लक्ष तिकडेच जातं. ‘म्हणजे’, ‘ॲक्चुअली’ किती वेळा आलं ते मोज. ते शब्द दाबून टाकायची धडपड नको. त्या जागी तोंड मिटून गप्प राहायचं. तुला ती शांतता फार लांबल्यासारखी वाटते, समोरच्यांना जाणवतही नाही.

माइकची ओळख आरतीआधीच करून घे. ऐन वेळी नवखे लोक सगळ्यात जास्त गडबडतात ते इथेच. स्पीकर लावणाऱ्या दादांना विचारून बटण कुठे आहे ते बघ, दोन वाक्यं बोल. माइक तोंडापासून चार बोटांवर, किंचित तिरका धर; अगदी सरळ धरलास तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फटके बसतात. जाळीवर मूठ आवळलीस किंवा माइक स्पीकरकडे वळला तर शिट्टी वाजते. शिट्टी वाजली तर माइकवर हात ठेवायचा नाही, त्याने ती वाढते; स्पीकरपासून बाजूला सरक. मान वळवशील तेव्हा माइकही सोबत वळव. भाद्रपदातली सर पत्र्यावर कोसळू लागली तर ओरडू नकोस. वेग निम्मा कर, वाक्यं तोड, फारच झालं तर जरा थांब.

तुझं नाव पुकारण्याआधी चार अंक मोजत श्वास घे, सहा मोजत सोड, असं पाच वेळा. पाण्याचे दोन घोट पुरेत. उभी राहिल्यावर गुडघे ताठ आवळू नकोस, पाय त्याने जास्त थरथरतात. लगेच सुरू करू नकोस. शेवटच्या रांगेतल्या एका चेहऱ्याकडे बघ आणि पहिलं वाक्य त्याला सांग. दुसरं डावीकडे, तिसरं उजवीकडे. मध्येच विसरलीस तर माफी मागायची नाही. नुकतंच बोललेलं वाक्य पुन्हा म्हण, कार्ड बघ, पुढचा मुद्दा घे. विसरलेला मुद्दा तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतो.

त्याआधी एक छोटी पायरी चढून घे. तुमच्या सोसायटीच्या सभेत एक प्रश्न उभी राहून विचार. बसल्या जागेवरून नव्हे.

आणि कार्यक्रम झाल्यावर ‘कसं झालं?’ असं विचारू नकोस; सगळे ‘छान’ म्हणतील. मागच्या रांगेतल्या दोघांना विचार, काय लक्षात राहिलं. ते जे सांगतील ते कार्डाच्या मागे लिहून ठेव आणि मला कळव. पुढच्या भाषणाची तयारी आपण त्यावरूनच करू.

तुझे,
सर