पेशीगळ, बोंडसड आणि आतड्याची ‘जुनाट सूज’

वर्धा जिल्ह्यातल्या एका वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत. आतड्याच्या बायोप्सीच्या रिपोर्टातल्या ‘क्रॉनिक इन्फ्लमेशन’ला दाह म्हणावं की सूज? आणि ॲपॉप्टोसिसला ‘पेशींची आत्महत्या’ म्हणतात, ते बरोबर का?

आधी दुसरं घेऊ. ॲपॉप्टोसिस हा शब्द केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी १९७२ साली रूढ केला. त्यांना तो सुचवला स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे ग्रीकचे प्राध्यापक कॉर्मॅक यांनी. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पानं किंवा पाकळ्या गळणं. म्हणजे मूळ शब्दात हत्या नाहीच, गळ आहे; आणि कपाशीवाल्याला गळ काय ते सांगावं लागत नाही. पातेगळीत, म्हणजे कपाशीच्या कळ्या गळतात तेव्हा, झाड स्वतःच देठाच्या बुडाशी वेगळा थर धरतं, पातं तिथून सुटतं, मागे उघडी जखम राहत नाही. पेशीतही कॅस्पेज नावाची विकरं आतून कापाकापी करतात, पेशी आकसते, तिचे आवरणात बांधलेले बारके तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. बाहेर काही सांडत नाही, म्हणून सूजही येत नाही. याला ‘पेशीगळ’ म्हणावं. ‘आत्महत्या’ हा शब्द आपल्याकडे कितीतरी घरांच्या उंबरठ्यावर बसलेला आहे. तो उपमेला वापरू नये.

पेशी मरण्याची दुसरी तऱ्हा नेक्रोसिस; ती म्हणजे बोंडसड. पेशी फुगते, फुटते, आतला ऐवज आजूबाजूला सांडतो आणि शरीर तिथे सूज आणतं. मात्र ‘ठरवून ती गळ, अपघाताने ती सड’ अशी वाटणी करू नका. नेक्रॉप्टोसिस आणि पायरॉप्टोसिस या पेशीने ठरवूनच केलेल्या गोष्टी, तरी त्यात पेशी फुटते. शब्द निवडताना सांडलं की नाही, एवढंच पाहावं.

याच फरकावर दोन आजार उभे आहेत. पी-५३ हे जनुक बिघडलं की गळायला हवी ती पेशी गळत नाही, टिकते, वाढते. कर्करोगाकडे जाणारी ही एक मोठी वाट. आतड्यात उलटं. तिथलं अस्तर एरवीही ३ ते ५ दिवसांत नवं होतं. क्रोन किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या जुनाट सुजेच्या आजारांत पेशी जास्त मरतात, अस्तराला भोकं पडतात, जंतू आत शिरतात, सूज वाढते, त्या सुजेने आणखी पेशी मरतात. वर्षानुवर्षं हे चाललं, की सततच्या डागडुजीत चुका साठतात. म्हणून मोठ्या आतड्याला हा आजार असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण ८ वर्षांनी कर्करोगासाठी दुर्बिणीची तपासणी सुरू करतात.

आता दाह की सूज. रोमन लेखक सेल्ससने चार खुणा दिल्या: लाली, सूज, उष्णता, ठणका. (यातल्या सुजेचा लॅटिन शब्द ‘ट्यूमर’. तो पुढे गाठीला जाऊन चिकटला!) ग्रंथात ‘शोथ’ चांगला, कारण त्याचं मूळच फुगण्यात आहे. ‘दाह’ मात्र खेड्यात फसवतो. ऐकणारा ‘पोटात आग पडते’ असं समजून ॲसिडिटीची गोळी आणतो. नुसतं ‘सूज’ म्हटलं तर पोट फुगलं असं वाटतं. म्हणून पुरं वाक्य सांगा: ‘आतड्याच्या आतल्या अस्तराला जुनाट सूज आहे.’ क्रॉनिकला ‘तीव्र’ म्हणू नका, ती सर्रास होणारी चूक आहे. तीव्र म्हणजे ॲक्यूट.

आणि रुग्णाला विचारताना ‘आग होते का’ असं नको. ‘रगत-आव पडते का, रात्री झोपेतून उठून जावं लागते का, वजन उतरलं का’ असं विचारा.