मुलाम्याचा दुधाचा जग बफिंगला देऊ नका

आजीचा दुधाचा जग काळा पडलाय, गणपतीच्या आधी पॉलिशला देऊ का, असं तुम्ही विचारलंय. फोटो बघून पोटात खड्डाच पडला, कारण असाच जग मी माझ्या हाताने वाया घालवलाय.

बुडाला ईपीएनएस (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर) लिहिलंय म्हणताय, म्हणजे आत निकेल सिल्व्हर, ज्याला जर्मन सिल्व्हरही म्हणतात. नावात सिल्व्हर असलं तरी ते तांबं, जस्त आणि निकेल, चांदी फक्त वरचा पातळ मुलामा. आणि हेच मला तेव्हा कोणी सांगितलं नाही हो! आमचा जग आजेसासऱ्यांनी कॅम्पात एका गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेला, काठाखाली द्राक्षाच्या वेलीची नक्षी. रविवार पेठेत एका दुकानात दिला, पावतीवर नुसतं 'भांडे १ पॉलिश'. चार दिवसांनी पेपरात गुंडाळून आला तो कुकरसारखा लखलखीत, मी खूश. पुसायला घेतला तर चोचीच्या कडेला आणि कानाच्या पाठीवर पिवळट राखाडी डाग, मुलामा पार खरवडून गेलेला. वेलीवर अंगठा फिरवला तर पानं हाताला लागेचनात. दुकानात गेले तर म्हणे तुमचीच चांदी पातळ होती मॅडम. तीन चकरा मारल्या, मालक भेटलेच नाहीत. अजून राग येतो.

म्हणून बफिंग, म्हणजे मशीनच्या फिरत्या चाकावर घासून चमकवणं, नको, तांब्यापितळेची पावडर नको, टूथपेस्ट तर अजिबात नको. काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाने झालेलं सिल्व्हर सल्फाइड, घासायची गरजच नाही. पातेल्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल, त्यावर जग, फॉइलला टेकलेलाच हवा, वरून कडकडीत पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, गंधकच सुटतंय. पाच मिनिटांत काढा, धुवा, लगेच कोरडा करा. कान लाकडी किंवा चिकटवलेला असेल तर मात्र हे करू नका, आणि मी काही जाणकार नाही, माझ्या बाकीच्या भांड्यांवर चाललं एवढंच.

कुठे आतला धातू दिसत असेल तर माझ्या मते त्यात दूध ठेवू नये, मी आमच्यात मोगरा ठेवते. पुन्हा मुलामा चढवून मिळतो, पण नक्षी परत येत नाही. द्यायचाच झाला तर आधी फोटो काढा आणि पावतीवर 'चांदीचा मुलामा, बफिंग नको' लिहून घ्या, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी. एरवी जुन्या धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवा, रबरबँड आणि लोकर जवळ नको.

अजून एक, तो सरळ दांड्याचा आकार बघून मला ख्रिस्तोफर ड्रेसर या ब्रिटिश डिझायनरची आठवण झाली. मूळचा वनस्पतीशास्त्राचा माणूस, १९०४ साली गेला, पण त्याने बर्मिंगहॅमच्या ह्युकिन अँड हीथ कंपनीसाठी केलेली भांडी आजही नवी वाटतात. त्याच्या काही भांड्यांवर त्याचं नाव ठोकलेलं असतं. नुसत्या आकारावरून ड्रेसरचा म्हणून कोणी भाव सांगितला, किंवा जुन्या बाजारात असाच दुसरा दाखवला, तर विश्वास ठेवू नका.

बुडाचा जवळून फोटो टाका, उजेड तिरपा पडू द्या म्हणजे शिक्के वाचता येतील. तोवर पॉलिशवाल्याकडे नेऊ नका, प्लीज.