कॅमेरा घेऊन कोकणात उतरण्याआधी

नांदेड, वैशाख

अनेक आशीर्वाद.

कोकणात जाऊन चक्रीवादळ चित्रित करायचं तुझ्या मनात आहे, आणि लेन्स कोणती न्यावी, रेनकव्हर कोणतं घ्यावं असं तू विचारलंस. त्याचं उत्तर देतो, पण मागाहून. या कामात निम्म्याहून जास्त मेहनत जागा निवडण्याची असते आणि ती वारा सुटायच्या आदल्या दिवशीच संपलेली हवी. वारा सुटल्यावर जागा हुडकत फिरणाऱ्याला चित्र मिळत नाही, उलट त्यालाच शोधायला माणसं पाठवावी लागतात.

आपल्याकडच्या माणसाची अडचण अशी की वादळ म्हटलं की त्याला वळीव आठवतो. धुळीचा लोट येतो, चार पत्रे उडतात, वीज कडाडते आणि पाऊण तासात सगळं शांत. एखाद्या ओसरीत उभं राहून तो निभावता येतो. चक्रीवादळाचा वारा तासन्‌तास चढत राहतो, पाऊस आडवा मारतो, त्यात समुद्राचं मीठ असतं, आणि उतरतानाही तो सावकाश उतरतो. हवामान खात्याच्या हिशेबात ताशी 62 ते 88 किलोमीटर म्हणजे चक्रीवादळ, 89 ते 117 म्हणजे तीव्र, 118 पासून पुढे अतितीव्र. आकडे फार लांब वाटत नाहीत, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 50 च्या वाऱ्यात उभ्या माणसावर साधारण सहा किलोचा रेटा येतो, 100 ला तो चोवीस किलो होतो. आठ बाय तीन फुटी पत्र्यावर त्याच वाऱ्यात शंभर किलोच्या आसपास जोर येतो. असा पत्रा सुटला की तो कुठं जाईल हे सांगता येत नाही. कौलं, झावळ्या आणि नारळ यांचंही तसंच.

म्हणून बाहेर थांबण्याची मर्यादा आधीच ठरवून ठेव. वेग मोजायचं यंत्र नसलं तरी झाडं सांगतात. अख्खं झाड हलायला लागलं आणि वाऱ्याच्या तोंडाला चालताना वाकावं लागलं, की 50 ते 60 झालं. आंब्या-वडाच्या बारीक फांद्या तुटून पडायला लागल्या, की 62 ओलांडलं. पहिली खूण दिसली की आत यायचं, दुसरीची वाट पाहायची नाही. माडाकडे बघून अंदाज बांधू नकोस. तो वाकतो खूप, आणि मोडतो तेव्हा आधी काही कळवत नाही.

आता पाणी. वाऱ्यापेक्षा याचीच भीती जास्त धर. वादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी असतो. दाब एक हेक्टोपास्कलनं (हे हवेचा दाब मोजायचं माप) उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो, पण तो फुगवटा किरकोळच. खरी भर वारा घालतो, तो पाणी किनाऱ्याकडे रेटत आणतो. त्यात भरतीची वेळ गाठली, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असलं, तर पाणी नेहमीच्या रेषेच्या कितीतरी वर चढतं. भरतीचा ठोकताळा कोळ्यांना तोंडपाठ असतो: तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, पुढची भरती सव्वाबारा-साडेबारा तासांनी. बंदरागणिक यात फरक पडतो, तेव्हा ताडून पाहायला त्या बंदराचं छापील वेळापत्रक सोबत असू दे.

गोदाकाठी वाढलेल्याला आणखी एक गोष्ट चटकन कळत नाही. आपल्याकडे पूर वरून येतो. पैठणहून पाणी सोडलं की नांदेडपर्यंत पोचायला वेळ लागतो, तेवढ्यात सामान हलवता येतं. खाडीत पाणी खालून वर चढतं. तू समुद्राकडे कॅमेरा लावून बसणार आणि गावातून बाहेर पडायचा रस्ता पाठीमागे खाडीच्या पाण्यानं बंद होणार, असं सहज होतं. म्हणून जागा बघताना समुद्राकडे एकदा बघ आणि पाठीकडे दोनदा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार, पाणी कुठवर आलं होतं? ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात. त्याच्या वरची जागा घे.

वादळ किनाऱ्याला कुठं लागणार, यावर तू त्याच्या कोणत्या बाजूला आहेस हे ठरतं. आपल्या गोलार्धात वारा केंद्राभोवती घड्याळाच्या उलट फिरतो. पश्चिम किनाऱ्यावर वादळ नैर्ऋत्येकडून येऊन जमिनीवर चढलं, तर केंद्राच्या दक्षिणेच्या गावांत वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, उत्तरेच्या गावांत जमिनीकडून समुद्राकडे. लाटा आणि पाण्याचा फुगवटा दक्षिणेकडच्या बाजूला अधिक. तिथं वारा आधी आग्नेय-दक्षिणेकडून सुरू होतो, मग नैर्ऋत्य, मग पश्चिम. उत्तरेला पूर्व-ईशान्येकडून सुरू होऊन उत्तरेकडे आणि पुढे वायव्येकडे वळतो. म्हणजे सकाळी जी भिंत आडोसा होती, तीच दुपारी वाऱ्याच्या तोंडावर येते. खोली अशी घे की जिला दोन वेगळ्या दिशांना खिडक्या असतील. आणि केंद्रच डोक्यावरून गेलं तर मध्येच वारा पडतो, क्वचित उजेडही येतो. लोक त्या वेळी बघायला बाहेर पडतात. तो वादळाचा शेवट नसतो. थोड्या वेळानं उलट्या दिशेनं तितकाच जोराचा वारा सुटतो, आणि एका बाजूनं ढिलं झालेलं सगळं त्यात सुटून येतं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ जमिनीवर चढलं. रायगडच्या दक्षिण भागातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, कित्येक गावांत पुढं बरेच दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये, तौक्ते कोकणाला समांतर वर सरकलं आणि 17 मेच्या रात्री सौराष्ट्रात जमिनीवर चढलं. महाराष्ट्रात ते किनाऱ्याला लागलंच नाही, तरी नुकसान केलंच. तेव्हा ‘आपल्या इथं धडकणार नाही’ एवढ्यावर निश्चिंत राहू नकोस. नकाशावर मार्गाची एक रेघ आणि तिच्याभोवती रुंद होत जाणारा पट्टा दाखवतात. तो पट्टाच वाच, रेघेच्या भरवशावर गाव निवडू नकोस.

इमारत कशी हवी ते सांगतो. सिमेंट-काँक्रीटची, जिना आतून, पहिला किंवा दुसरा मजला. सगळ्यात वरचा नको, कारण गच्चीवरच्या टाक्या आणि पत्र्याची शेड आधी जातात. वाळूच्या पट्ट्यावर नको, खाडीच्या तोंडाशी नको, डोंगराच्या कापलेल्या उतारालाही नको, तिथं दरड येते. भोवती माड पडला तर खिडकीपर्यंत पोचेल का, हे अंतर पावलांनी मोज. मालकाला काय करायचंय ते खरं सांग, रीतसर पैसे दे. काचेवर चिकटपट्टीची फुली मारल्यानं काच फुटायची थांबत नाही, फार तर तुकडे थोडे मोठे पडतात. वाऱ्याकडची खिडकी बंदच ठेवायची आणि आडोशाच्या बाजूची उघडून तिच्यातून तिरकं चित्रण करायचं. समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या एकदम उघडू नकोस, वारा घरात शिरला की छप्पर आतून उचलतो.

जिल्हाधिकाऱ्यांनी किनारा बंद केला असेल तर तो तुझ्यासाठीही बंद. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 51 खाली आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर 1077, पोलीस 112. यावर आणखी बोलत नाही.

निघायचं कधी? वादळ धडकण्याच्या निदान दोन दिवस आधी तिथं पोचलेलं बरं. आपल्याकडून जाताना सोलापूर-पुणे करून ताम्हिणी घाटानं माणगावला उतरता येतं. तिथून म्हसळा आणि मग श्रीवर्धन. आदल्या दिवशी घाट ओलांडायचा बेत करू नकोस, आणि वादळानंतर लगेच परतायचाही नको. झाडं आणि दरडी हटेपर्यंत रस्ता कुणाच्या हातात नसतो. गाडीची टाकी भरून घे आणि रोख पैसे जवळ ठेव, कारण टॉवर पडले की मोबाइलनं पैसे देणं बंद. नकाशा फोनमध्ये उतरवून घे. माणशी तीन दिवसांचं पिण्याचं पाणी ठेव. 20,000 एमएएचच्या पॉवर बँकेतून 5,000 चा फोन चारदा नाही, अडीच-तीनदाच भरतो, त्या हिशेबानं ने.

हे मिळालेले दोन दिवस वाया घालवू नकोस. माझ्या मते वादळाच्या फिल्मचा गाभा तिथंच असतो. बंदरावर चढवलेला इशाऱ्याचा बावटा, होड्या दोरानं ओढून वर आणणारे खलाशी, छपरावर टाकलेली जाळी आणि दगड. पुढं काय उडालं हे बघणाऱ्याला कळायचं असेल तर आधी काय बांधलं होतं ते दिसायला हवं.

आता कॅमेरा. एक मुख्य चौकट ठरव, जिच्यात न हलणारी एक तरी वस्तू असेल: विजेचा खांब, देवळाचा कळस, कोपऱ्यावरची भिंत. तिच्या तुलनेतच झाड किती वाकलं हे कळतं. नुसतं हलणारं झाड दाखवलं की वारा मध्यमच वाटतो. दर पंधरा मिनिटांनी त्याच चौकटीचा निदान अर्ध्या मिनिटाचा तुकडा घे. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला तारीख, वेळ, गाव आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे तोंडानं बोल. वादळ आलं की जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरायला लागतात, तुझा तसा वापरला गेला तर हा आवाजच पुरावा.

ट्रायपॉडचे पाय पूर्ण पसरून तो खाली बसव, मधला दांडा वर काढू नकोस. खाली पिशवी अडकवायची तर ती जमिनीला टेकलेली असू दे. लोंबकळती ठेवलीस तर ती झुलते आणि कॅमेराच हलवते. ट्रायपॉडवर कॅमेऱ्याचं स्थिरीकरण (हादरे लपवणारी सोय) बंद कर, नाहीतर फोनमध्ये कडा लाटांसारख्या वळवळतात. फोकस हातानं लावून कुलूपबंद कर, ऑटो ठेवलास तर तो काचेवरच्या थेंबालाच धरतो. सेकंदाला 25 फ्रेम घेताना शटर 1/50 सेकंद ठेवलंस तर पाऊस रेघांसारखा दिसतो, 1/500 ला थेंब सुटे दिसतात आणि पाऊस खोटा वाटतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, 5600 केल्व्हिनला पक्का कर. सेकंदाला 100 मेगाबिट (एमबीपीएस) या दर्जाच्या चित्रणाला तासाला 45 जीबी जातात, म्हणजे 64 जीबीचं कार्ड सव्वा तासाच्या जरा वर पुरतं.

खरा शत्रू मीठ. थेंब वाळला की त्याचा क्षार राहतो, तो कोरड्या फडक्यानं पुसलास की काचेवर ओरखडा. गोड्या पाण्याची फवारणीची बाटली आणि जुन्या धोतराची सात-आठ धुतलेली फडकी जवळ ठेव. आधी फवारा, मग टिपायचं, चोळायचं नाही. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर चढव, खराब झाला तर फेकून देता येतो. लेन्स बदलायची नाही, 24-105 मिमीच्या झूमसारखी एकच ने. रेनकव्हर म्हणून जाड पॉलिथिन आणि रबरबँड पुरतात, फक्त सैल भाग ठेवू नकोस, तो फडफडतो आणि आवाजाची वाट लावतो. एसीच्या खोलीतून एकदम बाहेर काढलास की लेन्स धुकं धरते, म्हणून कॅमेरा अर्धा-पाऊण तास आधी दमट हवेत ठेव. फोनवर आयपी 68 (पाणी-धूळ आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी ती चाचणी गोड्या पाण्याची. चार्जिंगच्या भोकात खारं पाणी गेलं तर गोड्या पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवूनच वायर लाव.

आवाजासाठी माइकवर केसाळ विंडशील्ड लागेलच, लो-कट (खालच्या सुराची घरघर कापणारी सोय) 80 ते 100 हर्ट्झवर ठेव आणि पातळी उणे 18 डेसिबलच्या आसपास. तरी बाहेर माइक धरलास तर नुसती घरघर मिळते. वाऱ्याचा सांगण्यासारखा आवाज घराच्या आत असतो: दाराच्या फटीतली शीळ, कौलांची खडखड, लांबून काहीतरी कोसळल्याचा धप्प. माइक आत, खिडकीपासून हातभर दूर ठेव.

ड्रोन घरी ठेव. घडीचे साधे ड्रोन ताशी 40 च्या आसपास दम टाकतात, आणि चक्रीवादळ म्हणायची सुरुवातच 62 ला होते. दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर परवानगी घेऊन उडवायचा असेल तर बघू. आणि त्या दुसऱ्या दिवशी ज्याचं छप्पर गेलंय त्याच्या समोर कॅमेरा उभा करण्याआधी पत्रे उचलायला हात लाव, मग विचार. पडलेल्या तारेला, तारेखालच्या पाण्याला हात किंवा पाय लावायचा नाही, वीज गेलेली दिसत असली तरी.

हे सगळं लेकरा तिथं पहिल्यांदा करून बघू नकोस. मृग लागायच्या आत आपल्याकडे दोन-चार वळीव होतातच. काँक्रीटच्या घरात खिडकीशी बसून तीच चौकट, तेच शटर, तीच फडकी वापरून बघ. आपल्याकडे विजेचा धोका कोकणातल्या वादळापेक्षा जास्त असतो, तेव्हा विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप चालू ठेव. वीज दिसली आणि गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर गच्ची, झाड, पत्र्याची शेड सगळं सोडून आत ये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नकोस.

गाव आणि घर नक्की झालं की इमारतीचे चारही बाजूंनी फोटो, मजला, खिडक्यांच्या दिशा आणि पाठीमागच्या रस्त्याचा नकाशा पाठव. ते पाहिल्याशिवाय गाडी बुक करू नकोस.

तुझा,
सर