इंग्लंडमधल्या लाइम रेजिसच्या किनाऱ्यावर अमोनाइट (चक्राकार कवचाच्या, नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म) गोळा करता येतात का?

हो, सुटे पडलेले उचलता येतात. पण मी म्हणेन, शेजारच्या चारमथला जा. तिथला चिखलमातीचा कडा सतत ढासळत असतो आणि सुमारे १९ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले अमोनाइट लाटा आयते धुऊन देतात. हिवाळ्यात, वादळ ओसरल्यावर, ओहोटी लागली की निघायचं. हातोडा राहू दे. वाकून बारीक वाळूगोट्यांत बघा. पितळेसारखी चमकणारी, बोटाच्या पेराएवढी चक्री दिसली की समजा सापडला! ते चमकणारं खनिज पायराइट. दमट हवेत त्याची भुकटी होते, म्हणून घरी आणल्यावर धुऊन, नीट वाळवून सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवा. (माझा पहिला असाच गेला.)

कड्याच्या पायथ्याशी मात्र थांबू नका, दरड कधीही येते. भरतीची वेळ आधी बघून ठेवा. लाइमच्या पश्चिमेला मॉनमथ बीचवर खडकातच रुतलेले मोठमोठे अमोनाइट आहेत, ते फक्त बघायचे.

आणि हो, घरी देव्हाऱ्यात गंडकीचा शाळिग्राम असेल तर त्यातली चक्रं नीट बघा. तोही बहुधा अमोनाइटच.