जर्मनीत अनोळखी लोक बोलतच नाहीत, हे खरं आहे का? तुम्ही कसं जुळवून घेतलंत?

बोलतात. फक्त आपण पहिल्याच मिनिटाला जे विचारतो ते विचारत नाहीत, आणि आपण जे कधीच म्हणत नाही ते न चुकता म्हणतात. मी नागपूरचा, महाल भागातला. 2015 ते 2019 म्युनिकला होतो, आणि एवढं कळायला मला वर्ष लागलं.

विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलं की वर्धा यायच्या आत समोरच्याला तुमचं गाव, आडनाव, नोकरी आणि पगाराचा अंदाज ठाऊक झालेला असतो. "कुठचे होय तुम्ही? काय करून राहिले सध्या?" यात भोचकपणा आहे असं आपल्याला वाटतही नाही. पहिल्याच महिन्यात मी एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, शेजारच्या गृहस्थांना असंच विचारत गेलो. बिचारे उत्तरं देत होते, पण कोर्टात साक्ष द्यावी तशी. दोन स्टेशनांनंतर उठून दुसरीकडे जाऊन बसले.

आणि हेच लोक दवाखान्यात! वेटिंग रूममध्ये शिरणारा प्रत्येक जण सगळ्यांना मिळून "ग्र्यूस गॉट", म्हणजे तिथला नमस्कार, म्हणतो, बसलेले पुटपुटत उत्तर देतात, मग अर्धा तास चिडीचूप. निघतानाही निरोप घेऊन जातात. दुकानात आधी नमस्कार, मग ब्रेड. लिफ्टमध्येही तेच. (हॅम्बुर्गकडे गेलात तर "मोइन" म्हणा, संध्याकाळीसुद्धा चालतं.) "झी" आणि "डू" म्हणजे आपलं अहो-जाहो आणि अरे-तुरे, ते आपल्याला सोपं जातं. मोठ्या माणसाने स्वतःहून सांगेपर्यंत "डू"वर यायचं नाही, बस.

मी खरा फसलो तो "डांके"मुळे, म्हणजे "धन्यवाद"मुळे. आमच्या इमारतीच्या अंगणात शेजारच्या आजींनी आलुबुखाऱ्याचा केक आणला होता. ओळख नव्हती तरी बशी माझ्यापुढे धरली. मी हसून "डांके" म्हटलं आणि बशी पुढे गेली! काही देऊ केल्यावर नुसतं "डांके" म्हणजे तिथे "नको, धन्यवाद". हवं असेल तर "या, गेर्ने", म्हणजे "हो, आवडेल", म्हणायचं. आणि दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. आपल्याकडे "नको नको" म्हणणाऱ्याच्या ताटातही जिलबी पडते, त्या भरवशावर तिथे राहू नका. माझ्यासमोर त्या केकचा शेवटचा तुकडा संपला.

परत आल्यावर धरमपेठेत एका दवाखान्यात गेलो. सवयीने दारातूनच सगळ्यांना "नमस्कार" म्हटलं. दहा-बारा माना वर झाल्या, कोणी काही बोलेना. शेवटी कोपऱ्यातल्या काकू म्हणाल्या, "नमस्कार ठीक आहे हो, पण नंबर माझा आहे पहिले."