मुंबईत पगडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी मोठी रक्कम मोजून कायम भाड्याने घेतलेल्या, खोलीचे भाडे नाममात्र असताना नव्या नोकरदाराला परवडणारे घर का मिळत नाही?

कारण त्या खोल्या भाड्याच्या बाजारात येतच नाहीत. १९४७ च्या कायद्याने मुंबईतील भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली, आणि १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाल्यावर मालकाला वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. पण मूळ रक्कमच किरकोळ असल्याने त्या वाढीतून जिन्याला लावलेला लाकडी टेकूसुद्धा बदलता येत नाही. त्यामुळे मालक दुरुस्ती टाळतो, भाडेकरू भाडेपावती जपून ठेवतो आणि खोली हस्तांतरित होते ती पगडीची मोठी रक्कम मोजणाऱ्याकडेच.

नव्याने नोकरीला लागलेल्याच्या वाट्याला मात्र सहसा अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार येतो, ज्याला भाडेनियंत्रणाचे हे संरक्षण लागू नाही. पगार वाढो वा न वाढो, नूतनीकरणाच्या वेळी भाडे वाढते, अनामत रकमेची जुळवाजुळव पुन्हा करावी लागते आणि दलाली वेगळी. मग तो बदलापूर किंवा विरारला सरकतो; वाचलेले भाडे लोकलमधल्या तासांनी फेडतो, ज्यांची पावती कोणी देत नाही. माझ्या मते दोष भाडेनियंत्रणाच्या कल्पनेपेक्षा भाडे इतकी दशके गोठवून ठेवण्यात आणि भाड्याने देण्यासाठी नवी घरे पुरेशी न बांधण्यात आहे.