माफ केलं म्हणते, पण त्याचा फोन उचलवत नाही

प्रश्न: आम्ही बरीच वर्षं परदेशात आहोत. वडिलांच्या आजारपणात मी नियमित पैसे पाठवले. ते गेल्यावर भावाने घराचा व्यवहार परस्पर उरकला आणि वर ऐकवलं, "तुला तिकडे काय कमी आहे?" भावाला क्षमा केली असं मी प्रार्थनेत म्हणते, पण त्याचा फोन आला की हात पुढे होत नाही. मंडळीतले (चर्चमधले) लोक सांगतात, मागचं विसरा, बायबलमध्ये प्रेषित पौलानेही तेच लिहिलंय. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर: ताई, मला तसं वाटत नाही. पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातलं ते वचन लोक फार घाईने दुसऱ्याच्या तोंडावर मारतात. तिसऱ्या अध्यायात पौल मागचं मागे टाकून पुढे धावतो हे खरं, पण त्याच्या थोडंच आधी त्याने आपलं सगळं मागचं लिहून काढलंय: बन्यामीन वंश, परूशीपण (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातलं असणं), मंडळीचा केलेला छळ. त्याला सगळं आठवतंय. त्यातही तो तोट्यात काढतो ते आपलं मोठेपण. तेव्हा रागावू नका, पण 'मी एवढे पैसे पाठवले' हा हिशेबही तुम्हाला कधीतरी खाली ठेवावा लागेल. भावाचा अन्याय त्याने लहान होत नाही.

तुमच्या जवळचा माणूस मला बायबलमधला, याकोबाचा मुलगा योसेफ वाटतो. सतराव्या वर्षाच्या सुमारास भावांनी विकला, तिसाव्या वर्षी मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, फारोचा (तिथल्या राजाचा) कारभारी झाला. तिथे त्याला मुलगा झाला, तेव्हा देवाने मला माझे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं, म्हणून त्याने त्याचं नाव मनश्शे, म्हणजे 'विसरायला लावणारा', ठेवलं. आणि पुढे धान्यासाठी आलेले भाऊ समोर दिसले, त्यांचं आपसातलं बोलणं कानावर पडलं, तर हा बाजूला जाऊन रडला! ते रडणं म्हणजे अविश्वास, असं पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही.

त्याने लगेच ओळखही दिली नाही. एका भावाला, शिमोनाला, अडकवून ठेवलं, धाकट्या बन्यामिनावर चोरीचा आळ यावा म्हणून त्याच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवायला लावला. ज्या भावाने, यहूदाने, योसेफाला विकायची कल्पना काढली होती, तोच आता धाकट्याच्या जागी गुलाम व्हायला उभा राहिला, तेव्हा कुठे योसेफाचा बांध फुटला. म्हणून क्षमा आणि भरवसा एकात घालू नका. सूड आणि वसुलीचा हट्ट तुम्ही आज देवाच्या हाती देऊ शकता. भरवसा भावाच्या वागण्यावरून हळूहळू बसेल, किंवा बसणारही नाही. पुढचे पैशाचे व्यवहार लेखी ठेवा. वाट्याबद्दल वकिलाला विचारायचं असेल तर जरूर विचारा, त्याने क्षमा खोटी ठरत नाही. फक्त दर पंधरा दिवसांनी तो विषय जेवणाच्या टेबलावर काढू नका. मुलांनी मामाला वर्षानुवर्षं पाहिलेलं नसतं. तुम्ही सांगाल तोच त्यांचा मामा.

फोन उचलवत नसेल तर आधी चार ओळींचा मेसेज करा: तब्येत, मुलांची खुशाली, बस्स. घराचा विषय नको, 'मी तुला माफ केलंय' हेही नको. ज्याला आपली चूकच वाटत नाही त्याला ते टोमण्यासारखं लागतं. उत्तर कोरडं येईल किंवा येणारच नाही, अशी तयारी ठेवा. योसेफाचा बाप याकोब पुढे मिसरात येऊन 17 वर्षं राहिला, सगळं कुटुंब योसेफाच्या आधाराने जगलं, तरी बाप मरताच भाऊ घाबरले की आता हा उट्टं काढणार. ते ऐकून योसेफ पुन्हा रडला, आणि मग त्यांच्या लेकराबाळांना पोसायचं वचन त्याने दिलं.

मेसेजनंतर भावाने आपणहून फोन केला, तर पहिल्या वेळी मुलांनाच बोलू द्या.